महोत्सवाचा तोटा दरवर्षी 'एक रसिक' भरत होते, आता ते नाहीत. पुढे कसं करायचं?

नवा_खजिनदार

नमस्कार मंडळी. जरा मोठं लिहितोय, सांभाळून घ्या.

कोकणातल्या एका तालुक्याच्या गावी आमची छोटीशी संस्था आहे, रीतसर ट्रस्ट म्हणून नोंदलेली, १२ए (संस्थेची करमाफी) आणि ८०जी (देणगीदाराला करसवलत) दोन्ही आहे. दरवर्षी माघात तीन संध्याकाळी शास्त्रीय संगीताचा महोत्सव करतो, यंदाचा ३१वा. आजपर्यंत एकदाही तिकीट लावलेलं नाही. पुढे सतरंज्या, मागे खुर्च्या, मध्यंतरात चहा, आणि तीन दिवस मिळून हजार-बाराशे माणूस येऊन ऐकून जातं. मी शाळेत असताना सतरंज्या टाकायला जायचो, गाणं काय ते तिथेच बसून कळायला लागलं.

आमचे खजिनदार काका आषाढात गेले. बावीस वर्षं हिशेब त्यांच्याकडे होता. कमिटीने वह्या माझ्या हातात दिल्या, मी शाळेत शिक्षक आहे आणि आकड्यांची भीती नाही म्हणून. गेल्या वर्षीचा हिशेब हजारात गोल करून सांगतो. जमा बाजूला स्मरणिकेच्या जाहिराती १,९०,०००, देणग्या १,७२,०००, मुख्य प्रायोजक असलेली पतसंस्था १,००,०००, एफडीचं व्याज ४९,०००, आणि ११० सभासदांची २०० रुपये वर्गणी धरून २२,०००. एकूण ५,३३,०००. खर्चात मानधन २,८५,०००, प्रवास-राहणं-जेवण ९२,०००, साउंड आणि लाईट ७५,०००, हॉल, खुर्च्या, जनरेटर ६८,०००, छपाई ५४,०००, बाकी किरकोळ आणि ऑडिट फी ३१,०००. एकूण ६,०५,०००. म्हणजे ७२,००० कमी.

पण ताळेबंदात तोटा कुठेच नाही. महोत्सवानंतर पंधरा दिवसांनी वहीत एक नोंद आहे, 'एक रसिक, देणगी, रोख ७२,३४०'. त्याच्या आदल्या वर्षी 'एक रसिक, ५८,११५'. त्याच्याही आधी ४१,६९०. मागे मागे जात राहिलो तर अकरा वर्षं हेच. आता देणगी द्यायची तर माणूस पन्नास हजार देईल, एकावन्न देईल, ७२,३४० कोण देतं हो? काकूंकडे गेलो. त्या म्हणाल्या, महोत्सव झाला की एक दिवस बँकेत जाऊन यायचे, पेन्शनीतलं काहीतरी संस्थेला देतात एवढं मला माहीत होतं, किती ते मी कधी विचारलं नाही. त्या दिवशी घरी आलो आणि वही परत उघडवेना.

आता अडचण अशी की पतसंस्थेत नवीन अध्यक्ष आलेत, ते म्हणतात यंदा ५०,०००च. म्हणजे खड्डा सरळ १,२२,०००चा. आमची ७ लाखांची एफडी त्याच पतसंस्थेत आहे, अर्धा टक्का जास्त मिळतो आणि ते प्रायोजक म्हणून ठेवलेली. मीटिंगमध्ये चार तोंडं चार दिशांना. एक म्हणतो २०० रुपये तिकीट लावा. दुसरा म्हणतो एफडी मोडा, पैसा कशासाठी असतो. तिसरा म्हणतो दोनच दिवस करा. आणि एका इव्हेंटवाल्यांनी निरोप पाठवलाय की शेवटची संध्याकाळ आम्हाला द्या, आम्ही सिनेगीतांचा कार्यक्रम ठेवतो आणि वर दीड लाख देतो. हे शेवटचं ऐकून मला रात्रभर झोप नाही, पण खरं सांगायचं तर दीड लाख हा आकडा डोक्यातून जातही नाही. ज्यांनी असं काही चालवलंय त्यांनी सांगा, तुम्ही काय केलं असतं?


व्याख्यानमाला_वाला

आधी काकांना नमस्कार. माझ्याकडे चौदा वर्षं एका व्याख्यानमालेचा हिशेब आहे, पश्चिम महाराष्ट्रात, तुमच्यापेक्षा लहान काम, पण दुखणं तेच.

तिकीट, एफडी, दोन दिवस हे सगळं नंतर. आधी एक काम करा, गेल्या पाच वर्षांचा जमाखर्च एका कागदावर काढा आणि त्यातून 'एक रसिक' ही ओळ वगळा. तो कागद सर्वसाधारण सभेत मोठ्याने वाचा. काकांनी जे केलं ते मनापासून केलं, त्याबद्दल एक शब्द वावगा बोलायचा नाही, पण त्याचा परिणाम असा झालाय की तुमच्या ११० सभासदांना गेली अकरा वर्षं वाटतंय की २०० रुपये वर्गणीत सगळं भागतं. वर्गणी २०० कधी ठरली होती बघा, मला खात्री आहे तेव्हा साउंडवाला आजच्या निम्म्यात यायचा. लोकांना तोटा माहीतच नसेल तर ते मदत कशाला करतील. आमच्याकडे अध्यक्ष असंच गुपचूप घालायचे, ते ज्या वर्षी आजारी पडले त्या वर्षी आम्हाला कळलं, आणि मग एकेकाला घरी जाऊन सांगितलं तर निम्मे लोक म्हणाले अहो आधी का नाही बोललात.

दुसरं, जाहिरातींचे १,९०,००० हे छापलेले की हातात आलेले? हे नीट तपासा. आमच्याकडे स्मरणिकेत जाहिरात छापून झाली, अंक वाटून झाला, आणि दुकानदार दिवाळीनंतर या, मार्चनंतर या करत राहिला असं दरवर्षी पंधरा-वीस हजाराचं व्हायचं. आता आधी पैसे, मग पान. दोन-चार जण नाराज झाले, होऊ देत.

एफडीबद्दल, जुनी पावतीपुस्तकं काढा. ज्या पावत्यांवर 'कायम निधी' लिहिलंय ते पैसे देणाऱ्याने व्याज वापरा म्हणून दिलेत, मुद्दल खा म्हणून नाही. बहुतेक ठिकाणी कोणाच्या तरी आईवडिलांच्या स्मरणार्थ असतात ते. मोडून एका वर्षाचा खड्डा भराल, मग पुढच्या वर्षी खड्डाही तेवढाच आणि वर व्याजही नाही.

आणि हो, काका जाऊन किती दिवस झाले? विश्वस्त बदलले की धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज ९० दिवसांच्या आत द्यायचा असतो. आषाढात गेले म्हणजे तुमच्याकडे फार दिवस उरले नाहीत. उशीर झाला तर आधी उशीर माफ करा म्हणून वेगळा अर्ज करावा लागतो आणि ते लांबत जातं. बँकेतली सही बदलायलाही ते कागद मागतात. आज करा हे.


मंद्रसप्तक

मी खर्चाच्या बाजूने बोलते, कारण आमच्या गावच्या म्युझिक सर्कलसाठी कलाकारांशी बोलायचं काम वीस वर्षं माझ्याकडे आहे.

आधी मानधनाला हात लावू नका, निदान साथीदारांच्या तरी नाही. पैसे कमी पडले की पहिली कात्री तबला-पेटीवर चालते हे मी फार ठिकाणी पाहिलंय आणि दर वेळी वाईट वाटतं. कोणीतरी म्हणेलच की पूर्वी मोठे मोठे कलाकार फुकट गायचे, मिरजेला खाँसाहेब अब्दुल करीम खाँच्या स्मृतीत दर्ग्यात आजही कलाकार मानधन न घेता गातात. खरंय. पण ती त्यांची हजेरी आहे, गुरूपुढे आणि जागेपुढे लावलेली. आपण ती सवलत म्हणून मागू शकत नाही. भीमसेनजींनी १९५३ साली गुरू सवाई गंधर्वांच्या स्मरणार्थ सवाई महोत्सव सुरू केला, तो त्यांचा स्वतःचा यज्ञ होता. आपण आमंत्रण देतोय तर मान आणि धन दोन्ही द्यायचं.

खर्च वाचतो तो दुसरीकडे. तुमचे प्रवास-राहणं-जेवण ९२,००० आहेत ना, ते बघा. पुण्या-मुंबईहून एक कलाकार साथीदारांसह फक्त तुमच्यासाठी कोकणात उतरतो आणि परत जातो, तर गाडीचं जाण्यायेण्याचं सगळं तुमच्या माथी. आम्ही काय करतो, आजूबाजूच्या तीन गावातल्या सर्कलवाल्यांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप केलाय, जूनमध्येच तारखा बोलतो. शनिवारी त्यांच्याकडे, रविवारी आमच्याकडे. प्रवास निम्मा होतो, आणि कलाकारालाही एका फेरीत दोन मैफली मिळतात म्हणून तो मानधनाचंही मोकळेपणाने बोलतो. फक्त हे त्यांना पहिल्याच फोनमध्ये सांगायचं, मागाहून नाही. राहायला हॉटेलऐवजी कोणाचं चांगलं घर असेल तर तेही विचारा, पण विचारा, गृहीत धरू नका. काहींना गाण्याआधी कोणाशी बोलायचं नसतं, त्यांना एकांत लागतो.

आता 'दोनच दिवस करा' म्हणणारे सभासद, त्यांचं पूर्ण चुकीचं नाही, फक्त थोडं फिरवून बघा. रात्री दहाला लाउडस्पीकर बंद करायचा म्हटल्यावर संध्याकाळच्या महोत्सवात सकाळचे राग येतच नाहीत. यमन, पूरिया, मारवा, बागेश्री याभोवतीच सगळं फिरतं. ललत, तोडी, भैरव समोर बसून ऐकलेलाच नाही असा तरुण श्रोता आता तयार झालाय. तर शनिवार संध्याकाळ, रविवार सकाळ, रविवार संध्याकाळ असं करा. सत्रं तीनच राहतात, कलाकार कमी करावे लागत नाहीत, हॉलचा एक दिवस, साउंडचा एक दिवस, एक रात्रीचा मुक्काम वाचतो. आम्ही चार वर्षांपूर्वी हे केलं, रविवारी सकाळी साडेसातला किती लोक येतील याची धास्ती होती. पहिल्याच वर्षी संध्याकाळपेक्षा सकाळी जास्त माणसं, आणि तोडीचा आलाप सुरू झाला तेव्हा हॉलमध्ये पंख्याचा आवाज तेवढा होता.

छपाई ५४,००० मला जास्त वाटते. स्मरणिका किती काढता? हजार काढत असाल तर तीनशे काढा, जाहिरातदाराला आणि सभासदाला घरपोच द्या, बाकीच्यांना फोनवर. आमच्याकडे गठ्ठे पडून असायचे, पावसाळ्यात वाळवी लागली.

त्या इव्हेंटवाल्यांना नम्रपणे नाही सांगा. सिनेसंगीत वाईट म्हणून नाही, पण तीस वर्षं ज्या श्रोत्याला तुम्ही घडवलंत त्याची एक संध्याकाळ तुम्ही विकताय, आणि पुढच्या वर्षी ते दोन संध्याकाळी मागतील.


मागची_रांग

मी आयोजक वगैरे नाही, ऐकणारी आहे. तिकिटाबद्दल बोलायचंय म्हणून खास लॉगिन केलं.

माझे वडील टपाल खात्यात होते. आमच्या गावी असाच महोत्सव व्हायचा, विनातिकीट, आणि बाबा कामावरून सायकलने थेट तिकडे जायचे, मागच्या रांगेत बसायचे. घरी येऊन आईला सांगायचे आज अमुक बाईंनी काय गायलं, आणि चुकत माकत स्वतः म्हणून दाखवायचे. २०० रुपये तिकीट असतं तर ते कधीच गेले नसते, चार माणसांचं घर होतं. आणि ते गेले नसते तर मला आज यमन ओळखू आला नसता. त्यामुळे सरसकट तिकीट नको असं मला अगदी कळकळीने वाटतं.

पण म्हणून लोकांनी काहीच देऊ नये असंही नाही ना. कीर्तनाला आरतीचं ताट फिरतं, ज्याला दहा टाकायचे तो दहा टाकतो, ज्याला पाचशे तो पाचशे, ज्याच्याकडे नसतात तो नुसता हात जोडतो, कोणाला कमीपणा वाटत नाही. तुमच्याकडे मध्यंतरात चहा देता ना, तिथेच एक पेटी ठेवा आणि बाजूला स्कॅनचा कोड लावा. आणि निवेदकाने फक्त एवढं सांगायचं की एका श्रोत्यामागे आम्हाला तीन दिवसांचा सुमारे पाचशे रुपये खर्च येतो. तुमच्याच आकड्यावरून काढलं, सहा लाख भागिले बाराशे. मला हे कधी कोणी सांगितलं असतं तर मी रिकाम्या हाताने चहा पिऊन आले नसते.


ताळेबंद

मी सीए आहे, लहान ट्रस्टचं बरंच काम करतो. बाकीचे चांगलं बोललेत, मी कागदाचं बोलतो. एप्रिल २०२६ पासून नवीन आयकर कायदा आहे, त्यात कलमांचे आणि फॉर्मचे आकडे वेगळे आहेत, म्हणून गोष्ट लक्षात ठेवा, नंबर तुमचे ऑडिटर सांगतील.

सगळ्यात आधी ती एफडी, कारण तुम्ही एका वाक्यात सांगून पुढे गेलात पण मी तिथेच थांबलो. सार्वजनिक ट्रस्टचा पैसा पतसंस्थेत ठेवता येत नाही. पतसंस्था म्हणजे बँक नाही, तिच्याकडे रिझर्व्ह बँकेचा परवाना नसतो, आणि बँकेतल्या ठेवीला जो ५ लाखांपर्यंत विमा आहे तोही तिथे नसतो. महाराष्ट्राच्या विश्वस्त कायद्यातही पैसे कुठे गुंतवायचे ते ठरवून दिलंय आणि आयकर कायद्यातही, आणि पतसंस्था दोन्हीत बसत नाही. आयकराच्या बाजूने हे थेट तुमच्या करमाफीवर येऊ शकतं. अर्धा टक्का जास्त म्हणजे ७ लाखांवर वर्षाला ३,५०० रुपये. तेवढ्यासाठी हे डोक्यावर घेऊ नका. ठेव आमच्याकडे आणि बदल्यात प्रायोजकत्व, हे गणित फार संस्थांत बघितलंय मी, कोणाच्या मनात पाप नसतं, पण पतसंस्था अडचणीत आली तर विश्वस्तांनाच उत्तर द्यावं लागतं. मुदत संपली की राष्ट्रीयीकृत बँकेत हलवा, आणि मुदत लांब असेल तर मोडून हलवायला किती व्याज जातं ते विचारा.

निधी मोडून खर्च करण्याबद्दल @व्याख्यानमाला_वाला यांच्याशी सहमत, त्यात अजून एक भर. कायम निधीतून केलेला खर्च त्या वर्षी उद्दिष्टासाठी झालेला खर्च म्हणून धरत नाहीत, तो निधी परत भरलात तरच, तोही पाच वर्षांच्या आत, धरतात. आणि जास्त खर्च झाला तर तो पुढच्या वर्षीच्या उत्पन्नातून वजा करू असंही आता चालत नाही.

'एक रसिक' या नोंदीबद्दल घाबरू नका. देणाऱ्याचं नाव-पत्ता ठेवलेलं नसलं की ती निनावी देणगी होते आणि तिच्यावर ३० टक्के कर आहे, पण एकूण देणग्यांच्या ५ टक्के किंवा १ लाख, यातली जी रक्कम मोठी तेवढी सोडून. तुम्ही दिलेले आकडे लाखाच्या आत आहेत. आणि ही देणगीच आहे, कर्ज नाही, त्यामुळे संस्थेवर कोणाचं देणं नाही. एक गोष्ट मला मात्र जाणवली ती सांगतो, रोख देणगी २,०००च्या वर असेल तर देणाऱ्याला ८०जीची सवलत मिळत नाही. काकांना हे माहीत असणारच, ते खजिनदार होते. चेक लिहिला असता तर त्यांचा कर वाचला असता, पण मग नाव वहीत आलं असतं.

तिकीट आणि जाहिराती. तुमच्यासारखी संस्था कायद्याने 'सार्वजनिक उपयोगाचं काम' या प्रकारात मोडते, आणि तिथे व्यापारी स्वरूपाची जमा एकूण जमेच्या २० टक्क्यांच्या आत लागते. नुसतं खर्च भरून निघण्यापुरतं किंवा किंचित वर शुल्क घेतलं तर तो व्यापार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२च्या निकालात सांगितलंय, म्हणून थोडं तिकीट लावलं तर लगेच बिघडत नाही. मला काळजी तिकिटापेक्षा स्मरणिकेची आहे. ५,३३,०००मध्ये १,९०,००० म्हणजे ३५ टक्क्यांच्या वर. कोणी आडवं विचारलं तर वाद होऊ शकतो. जो दुकानदार पानभर माल, भाव, फोन नंबर छापतो ती जाहिरात. जो म्हणतो माझं फक्त नाव घाला, मला मदत करायचीय, त्याच्याकडून देणगी म्हणून घ्या, देणगीची पावती द्या, आणि आभाराच्या पानावर नुसतं नाव छापा. पण हे खरोखर तसं असेल तरच. जाहिरात छापून देणगीची पावती फाडायची नाही. तुमच्या गावात निम्मे जण तरी दुसऱ्या प्रकारातले निघतील.

जीएसटीचं टेन्शन घेऊ नका, सेवांसाठी नोंदणीची मर्यादा वर्षाला २० लाख आहे आणि तुम्ही सहाच्या आसपास आहात. वर संगीताच्या कार्यक्रमाचं ५०० रुपयांपर्यंतचं तिकीट करमुक्तच आहे, आणि शास्त्रीय किंवा लोककलेच्या कलाकाराचं दीड लाखापर्यंतचं मानधनही.

मानधन देताना मात्र नीट. गायकाला आणि साथीदारांना वेगवेगळं द्या, ज्याच्या त्याच्या खात्यात, ज्याच्या त्याच्या पॅनवर. सगळी रक्कम गायकाच्या नावाने दिली की टीडीएसही सगळ्यावर त्यांचाच कापला जातो आणि मग ते साथीदारांना काय देतात हे तुम्हाला कळत नाही. एप्रिल २०२५ पासून एका व्यक्तीला वर्षात ५०,००० पर्यंत दिले तर कापायचा नाही, वर गेलं तर १० टक्के. तबलावादकाचे आठ-दहा हजार असतील तर त्यांना पूर्ण मिळतात. मानधन ठरवतानाच सांगा की कापून की हातात, ऐन वेळी ग्रीनरूममध्ये हा विषय निघाला की सगळ्यांना अवघडतं. आणि एका माणसाला एका दिवशी १०,०००च्या वर रोख नको, तो खर्च धरला जात नाही. साउंडवाला रोख मागतो, मला माहितीय, तरी नको.

८०जी आहे तर देणग्यांचं विवरण ३१ मेपर्यंत ऑनलाइन भरावं लागतं, उशीर झाला तर दिवसाला २०० रुपये. ते भरलं की देणगीदाराला पोर्टलवरचं प्रमाणपत्र मिळतं, नुसत्या पावतीवर आता सवलत मिळत नाही. काका हे करत होते का बघा, नसतील तर आधी ते.


दूरदेशी_कोकणी

वाचून फार आत कुठेतरी हललं. मी अशाच एका तालुक्यातला, तेवीस वर्षं अमेरिकेत आहे, न्यू जर्सीत. आम्ही इथल्या मंडळात दिवाळीच्या एका कार्यक्रमाला याहून जास्त खर्च करतो. खजिनदार, तुमचं खातं कळवा, मी आणि दोन मित्र मिळून हा १,२२,०००चा खड्डा यंदा भरतो. मनापासून सांगतोय.


ताळेबंद

@दूरदेशी_कोकणी भावना पोचली, पण एक विचारतो, पासपोर्ट कुठला? भारतीय असेल तर तुमच्या स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत पाठवलेले पैसे विदेशी देणगी धरत नाहीत, खुशाल पाठवा. अमेरिकेचा असेल तर, ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या मूळ भारतीयांना मिळतं ते) असलं तरी, ती विदेशी देणगी होते, अगदी इथल्या खात्यातून रुपयात दिली तरी. त्यासाठी संस्थेला गृह मंत्रालयाची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते आणि दिल्लीत स्टेट बँकेच्या ठरलेल्या शाखेत वेगळं खातं. तीन दिवसांच्या महोत्सवाला ते झेपणार नाही. @नवा_खजिनदार, कोणीही कितीही प्रेमाने देवो, हे विचारल्याशिवाय एक रुपया घेऊ नका.


दूरदेशी_कोकणी

पासपोर्ट अमेरिकेचा आहे. बारा वर्षं झाली. हे असं असतं हे माहीतच नव्हतं, मागे गावच्या शाळेला पाठवायला निघालो होतो. माझ्या मित्रांपैकी एकाचा अजून भारतीय आहे, पण त्याने त्याचे द्यावेत, माझे त्याच्या नावाने नकोत, बरोबर ना?


ताळेबंद

अगदी बरोबर. त्याचे त्याने.


व्याख्यानमाला_वाला

सरकारी अनुदानाचं कोणी बोललं नाही म्हणून सांगतो. केंद्राच्या संस्कृती मंत्रालयाची कार्यक्रमांसाठी योजना आहे, पण त्यात खर्चाचा काही हिस्सा तुमचा असतो आणि पैसे दोन हप्त्यांत येतात, दुसरा हप्ता सगळा हिशेब आणि विनियोग प्रमाणपत्र (पैसे ठरल्या कामावरच खर्च झाले याचं) दिल्यावर. म्हणजे तेवढा पैसा आधी आपल्याकडे हवा. अर्ज जरूर करा, दर्पण या सरकारच्या संस्था-नोंदणी पोर्टलवर नोंदणी करून ठेवा, पण यंदाच्या बजेटात तो आकडा धरू नका. आणि कंपन्यांच्या सीएसआरमध्ये, म्हणजे सामाजिक कामासाठीच्या खर्चात, कला-संस्कृती बसते, त्यासाठी संस्थेने सीएसआर-१ फॉर्म भरलेला लागतो, पण एकदाच होणाऱ्या कार्यक्रमाला ते बहुधा नाही म्हणतात. वर्षभर मुलांना गाणं शिकवायचा वर्ग वगैरे काही असेल तर त्याच्यासाठी मागा.


नवा_खजिनदार

दीड महिन्याने लिहितोय, सगळ्यांचे आभार मानायला आणि काय झालं ते सांगायला.

बदल अर्ज ८१व्या दिवशी दिला. सर्वसाधारण सभेत तो 'एक रसिक' वगळलेला कागद वाचला. पाच वर्षांचे आकडे वाचून झाल्यावर बराच वेळ कोणी बोललं नाही, मग मागून एक आजोबा म्हणाले, म्हणजे आपण अकरा वर्षं त्यांच्या पैशाने गाणं ऐकलं. वर्गणी १,००० करायचा ठराव आला. मला वाटलं होतं भांडणं होतील, तर ११० पैकी ७४ जणांनी हो म्हटलं, २०० वाले तसेच ठेवलेत, कोणाला काढायचं नाही असं ठरलं. म्हणजे वर्गणीच २२,००० वरून ८१,०००च्या वर जाईल.

शनिवार संध्याकाळ, रविवार सकाळ, रविवार संध्याकाळ असंच करतोय. हॉल, साउंड आणि मुक्काम मिळून ४०-४५ हजार कमी होतील असा अंदाज आहे. शेजारच्या गावच्या मंडळाशी बोललो, एका गायिकेची गाडी वाटून घेतोय. स्मरणिका साडेतीनशे. साठ दुकानदारांकडे स्वतः गेलो, त्यातल्या तेहतीस जणांनी सांगितलं आम्हाला जाहिरात नको, नाव पुरे, एकाने तर नावही नको म्हटलं, पण त्यांना मी समजावलं की वहीत नाव लागतं. इव्हेंटवाल्यांना नाही कळवलं.

पतसंस्थेच्या अध्यक्षांना भेटून सांगितलं की एफडी फेब्रुवारीत संपतेय, पुढे ठेवता येणार नाही, आणि कारणही सांगितलं. ते नाराज झाले. ५०,०००चं काय ते अजून कळवलेलं नाही, आम्ही ते शून्य धरून चाललोय. तसं धरलं तर सगळं करूनही तीस-पस्तीस हजार अजून कमी पडतात. दुसऱ्या कोणी रसिकाने ते भरायचे नाहीत एवढं कमिटीने लिहून ठरवलंय, कमी पडले तर तोटा म्हणून ताळेबंदात दिसतील आणि पुढच्या सभेत वाचले जातील.

पेटी ठेवतोय, मध्यंतरात, चहाच्या टेबलाशेजारी. ताळेबंद साहेब, पेटी उघडताना दोघांनी मोजायचं, कागदावर दोघांच्या सह्या आणि दुसऱ्या दिवशी बँकेत भरायचं, एवढं पुरे ना? एक सही माझी. दुसरीसाठी काकूंना विचारलं, त्या म्हणाल्या दोन्ही दिवस येते, पण मला पुढची रांग देऊ नका, पेटी दिसेल अशी जागा द्या.